समुद्र दारात, टाकी माजघरात: खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं की कोकणात पहिला प्रश्न ठरलेला: "समोर एवढा दर्या पसरलाय आणि तू मीठ विकत आणणार?" मासे विकायला येणारी मावशीसुद्धा हेच विचारते, आणि तिचं अगदीच चूक नाही. पुण्या-नाशिकच्या हौशी माणसाला जी सोय नाही ती आपल्याला आहे. वर्षातले पाच-सहा महिने उत्तम पाणी फुकट मिळतं. पण तोच समुद्र दोन मोह घालतो. वाटेल तेव्हा, वाटेल तिथून बादली भरून आणावी हा पहिला. ओहोटीला कातळावरच्या डबक्यांत दिसणारे रंगीत मासे, खेकडे, समुद्रफुलं पाण्यासोबतच उचलून आणावीत हा दुसरा. माझा नियम सोपा आहे. समुद्रातून आणायचं ते फक्त पाणी, तेही मोसम आणि तिथी बघून. बाकी सगळं विकतचं, आणि मासे तर हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेलेच.

ज्यांनी आजवर फार तर गप्पी किंवा गोल्डफिश पाळलेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रवाळांची टाकी यात नाही. का नाही, ते पुढे येईल.

जागा आणि टाकी

नवख्याला वाटतं, टाकी जेवढी लहान तेवढं काम कमी. खाऱ्या पाण्यात हे उलटं चालतं. पाणी थोडं असलं की ते तापतं लवकर, खारटपणा वाढतो लवकर आणि एखादा मासा मेला तर सगळं नासतंही लवकर. म्हणून टेबलावरच्या पंधरा-वीस लिटरच्या टाकीच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. 24 इंच लांब, 15 इंच रुंद, 15 इंच उंच ही टाकी मला पहिल्या खेपेला योग्य वाटते. काठोकाठ भरली तर 88 लिटर पाणी मावतं. वरची दोन बोटं सोडली आणि दगड-वाळूची जागा वजा केली की प्रत्यक्षात 70 ते 75 लिटर राहतं. काच 8 मिलिमीटरची घ्या.

भरलेली टाकी 110-120 किलोच्या घरात जाते. जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर ती ठेवू नका. खाली जमिनीवरच बरी. खोली निवडताना आपल्या घरांची जुनी रचना कामी येते. पडवीत आणि ओटीवर ऊन, वारा, धूळ आणि येणारे-जाणारे सगळेच. माजघर अंधारं आणि गार असतं, टाकीला तेच मानवतं. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर महिन्याभरात काचा शेवाळाने हिरव्या होतात. सिमेंटचं नवं घर असेल तर पश्चिमेची भिंत टाळा. मे महिन्यात ती भिंत रात्री दहापर्यंत गरम असते.

स्टँड लोखंडी घेऊ नका. टाकीतून उडणारे तुषार वाळून मिठाची पापडी धरते आणि आपल्या दमट हवेत ती रंगाखालीसुद्धा लोखंड खाते. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ स्टँड म्हणजे जांभ्याचे चिरे. दोन बाजूंना चिऱ्यांचे थर रचायचे, वर कडप्प्याची लादी टाकायची, पाणसळ लावून समपातळी बघायची आणि लादी व काच यांच्यामध्ये अर्धा इंच थर्माकोल घालायचा. गावातला गवंडी हे काम अर्ध्या दिवसात करून देईल.

सामान

यादी फार लांब नाही. टाकीच्या मागच्या काचेला अडकवायचा फिल्टर, पाणी ढवळत ठेवणारा छोटा वेव्हमेकर, साधा पांढरा-निळा एलईडी दिवा, थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच मोजायचे टेस्ट किट. वेव्हमेकर असा घ्या की तासाभरात टाकीतलं पाणी दहा-पंधरा वेळा फिरेल, म्हणजे आपल्या टाकीला ताशी हजार लिटरच्या आसपासचा. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारा, एवढ्या टाकीत मासे मोजके असतील तर नसला तरी चालतो. दुकानदार तो गळ्यात मारायला बघेल. ते पैसे रिफ्रॅक्टोमीटरवर घाला.

रिफ्रॅक्टोमीटरवर माझा जीव का, ते सांगतो. पाण्याचा खारटपणा मोजायची दोन साधनं मिळतात. प्लास्टिकचा, काटा तरंगणारा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. तो अधूनमधून 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा लागतो, एवढंच. आपल्याला हवा असलेला आकडा 35 पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026.

हीटरची किनाऱ्यालगत क्वचितच गरज पडते. दापोलीसारख्या वरच्या, थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र 75 किंवा 100 वॉटचा लावून ठेवावा.

खर्च साधारण वीस हजारांच्या आत-बाहेर धरा. त्यात मासे सगळ्यात स्वस्त. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेतलात तर हिशेब निदान दुप्पट.

पाणी

सगळं यश-अपयश इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी मिठाचं. किराणा दुकानातलं मीठ पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही, मिठागरातलं खडेमीठ घेतलं तरी नाही. शिरोड्याची मिठागरं 1930 च्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे काय होतं ते बघितलं की कारण कळतं. कोंडीत पाणी आटत जातं तसा कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्सम होऊन आधीच खाली बसतो. मग मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. माशांना, आणि त्याहून जास्त गोगलगायी-कोळंब्यांना, उरलेले क्षारही लागतात. ते सगळे योग्य प्रमाणात घातलेलं मत्स्यालयाचं मीठ डब्यात किंवा पिशवीत मिळतं.

पहिली भरणी याच मिठाने करा असा माझा आग्रह आहे, समुद्र दहा पावलांवर असला तरी. सुरुवातीला काही बिघडलं तर निदान पाण्यावर शंका घ्यावी लागत नाही. लिटरला 35 ते 38 ग्रॅम मीठ लागतं. 75 लिटरला पावणेतीन किलो धरा आणि पिशवीवरचं प्रमाण बघून पुढेमागे करा. आधी पिंपात गोडं पाणी घ्यायचं आणि त्यात मीठ हळूहळू घालत ढवळायचं. मिठावर पाणी ओतलंत तर तळाशी इतकं तीव्र द्रावण होतं की कॅल्शियमचा पांढरा साका बसतो, तो परत विरघळत नाही. पंप सोडून रात्रभर फिरू द्या, दुसऱ्या दिवशी मोजा.

हे गोडं पाणी कुठलं घ्यायचं? विहिरीचं नको. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. आरओचं पाणी वापरा, पण घरगुती मशीन चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतं, तेव्हा त्याच्या आधीची नळी काढून घ्यायला मेकॅनिकला सांगा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा दहाच्या खाली आला की झालं. पावसाळ्यात आणखी एक सोय आहे. पहिले आठ-पंधरा दिवस पाऊस हवा धुऊन काढतो, त्यानंतर उघड्या अंगणात स्वच्छ पिंप ठेवून थेट आभाळातून पडलेलं पाणी धरा. कौलांवरून किंवा पत्र्यावरून पागोळ्यांनी आलेलं नको.

आणि भांडं. आपल्याकडे पाणी म्हटलं की हात आपसूक तांब्याच्या हंड्याकडे नाहीतर पितळी कळशीकडे जातो. टाकीचं पाणी तांब्या-पितळेला लागता कामा नये. तांबं अत्यल्प प्रमाणातही गोगलगायी, कोळंब्या, खेकडे मारतं. दुसरं, आंब्याच्या फवारणीचे रिकामे कॅन धुऊन वापरायचा विचारही करू नका. कितीही घासलात तरी औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. खाद्यपदार्थांसाठीचे नवे कॅन आणा आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "मासे" लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी त्यात फिनेल ओतणार नाही.

आता समुद्राचं पाणी. टाकी स्थिरावली की दर आठवड्याचं पाणी बदलायला ते वापरा. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी नद्या-ओढ्यांनी पातळ आणि गढूळ होतं. दसरा-दिवाळीनंतर ते हळूहळू निवळतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपला मोसम. मेमध्ये वारा फिरला की पुळणीवर डांबराच्या गोळ्या येऊ लागतात, तिथे थांबायचं.

कुठून घ्यायचं? खाडीच्या मुखाजवळ नको, बंदराच्या जेटीजवळ नको, गावाचं किंवा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी ज्या बाजूला येतं तिथून तर नकोच. उघड्या समुद्राकडे तोंड असलेला कातळाचा कोपरा बघा. एकटे जाऊ नका. ओल्या शेवाळावर पाय सरकतो, आणि अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा मोठी येतेच.

कधी? उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याला ओढ जास्त असते आणि तळ ढवळून निघतो. भांगाच्या दिवसांत, अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी शांत आणि निवळशंख असतं. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. गावागणिक वेळ मागेपुढे होते, ती तुमच्या गावातला कुठलाही मच्छीमार सांगेल. म्हणजे नवमी-दशमीला सकाळी कॅन घेऊन गेलात तर भरतीचं, बाहेरून आलेलं स्वच्छ पाणी मिळतं आणि नोकरीचीही वेळ चुकत नाही. पाणी भरीला टेकून स्थिर झालं की तेव्हाच भरायचं.

एक अपवाद लक्षात ठेवा. हिवाळ्यात काही रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक फोन घेऊन पुळणीवर धावतात. ते बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाचं काम असतं. त्याच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो. बघायला जरूर जा, त्या आठवड्यात पाणी मात्र आणू नका.

आणलेलं पाणी दाट कापडातून गाळा आणि झाकणाच्या पिंपात, अंधारात, हवेचा पंप सोडून दोन-तीन आठवडे ठेवा. त्यातले तरंगते जीव मरून खाली बसतात आणि मासा न मिळाल्याने बहुतेक परजीवीही संपतात. वरचं निवळ पाणी सायफनने काढायचं, तळातलं टाकून द्यायचं. वापरण्याआधी खारटपणा आणि अमोनिया मोजायचा. जास्त खारट निघालं तर आरओचं पाणी घालून 35 वर आणा.

दगड, वाळू आणि कायदा

टाकीतला दगड शोभेसाठी असतो असं वाटतं. खरं तर त्याच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू हेच तुमचं खरं फिल्टर. म्हणून दगड सच्छिद्र हवा. कृत्रिम, भाजलेल्या मातीचे किंवा चुनखडीचे दगड सहा ते आठ किलो घ्या. परसातला जांभा सच्छिद्र दिसतो खरा, पण त्यात लोह भरपूर, आणि लोह शेवाळाला खतपाणी घालतं. काळा कातळ निरुपद्रवी आहे, पण भरीव.

दगड थेट काचेवर बसवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर दगड ठेवला की मासा खालून उकरतो आणि ढीग कोसळतो.

वाळू पुळणीवरून आणायची नाही. किनाऱ्यावरच्या वाळूउपशावर निर्बंध आहेत हे झालंच, शिवाय आपल्या बऱ्याच किनाऱ्यांच्या वाळूत इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज. रत्नागिरीच्या काळ्या समुद्रावर चुंबक फिरवून बघा, त्याला काळी मिशी फुटते. दुकानातली अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या. ती चुनखडीची असते आणि पीएच फार घसरू नये म्हणून थोडी मदत करते. एक ते दीड इंचाचा थर पुरे.

आता प्रवाळ. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूचीत 2001 मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंख-शिंपले आले. वाघाला जसं संरक्षण आहे तशाच वरच्या दर्जाचं संरक्षण प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना आहे. तरीही "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचे सांगाडे आणि बाटलीत समुद्रघोडे विकणारे भेटतात. घेऊ नका, मेलेला तुकडासुद्धा नको. मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करताना प्रवाळ बघा आणि हात मागे ठेवा.

डबक्यांतल्या माशांबद्दल कायदा बाजूला ठेवला तरी मी नको म्हणेन. त्यातली बरीच पिल्लं असतात. आज बोटाएवढं दिसणारं पिल्लू उद्या वीतभर होतं. केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, आणलात तर तो टाकीतल्या सगळ्या गोगलगायी फोडून खाईल. काही माशांच्या काट्यांना विष असतं, आणि लहानपणी ते ओळखू येतीलच असं नाही.

मासे नसलेला महिना

पाणी भरलं, दगड लागले, दिवा लागला, टाकी सुंदर दिसते आहे आणि आता चार ते सहा आठवडे त्यात एकही मासा सोडायचा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया जहरी, नायट्राइट त्याखालोखाल, नायट्रेट बऱ्यापैकी सोसवतं. हे जिवाणू वाढायला वेळ घेतात आणि त्यांना आधी खायला अमोनिया द्यावा लागतो. खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त, वर आपल्याकडची उष्णता. दोन्हीमुळे अमोनियाचा जहरी वाटा वाढतो. गोल्डफिश ज्या चुकीतून वाचतो त्यातून क्लाऊनफिश वाचेलच असं नाही.

अमोनिया द्यायचे दोन मार्ग. बाजारातली सोललेली ताजी कोळंबी जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडायची. ती कुजते आणि अमोनिया सुटतो. कोकणातल्या घरात कोळंबीची कमी नाही, पण वासाची तयारी ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. नेटका मार्ग म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड. 75 लिटरला अर्धा ग्रॅमच्या जरा आत घातलं की सुमारे 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) अमोनिया होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्यात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे, म्हणून तो नको. बाटलीतले जिवाणू मिळतात, ताजे असतील तर काम लवकर होतं.

दर दोन-तीन दिवसांनी मोजून वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल. 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. मग अर्धं पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी होईल. या काळात दगडांवर आणि वाळूवर तपकिरी लव येते. ती येते आणि जाते, घासत बसू नका.

मे महिना आणि गेलेली लाईट

पाण्याचं तापमान 26 ते 28 अंश ठेवायचं आहे. मे महिन्यात काही न करता ते 31-32 वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. टाकीवरचं काचेचं झाकण काढून जाळी बसवा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. हवा फार दमट असली की परिणाम कमी होतो, तेव्हा दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा. त्याहूनही भागत नसेल तर चिलर, नाहीतर एसी असलेली खोली. बाटलीत पाणी गोठवून तरंगत ठेवणं हा एका दुपारचा उपाय आहे, मोसमाचा नाही.

पंख्यामुळे पाणी आटतं, दिवसाला लिटरभरसुद्धा. मीठ आटत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून भर घालताना नेहमी गोडं आरओचं पाणी घाला, खारं नाही. काचेला चिकटपट्टी लावून पातळीची खूण करून ठेवा आणि रोज सकाळी तिथवर भरा. नवख्यांच्या टाक्या बिघडण्याचं हे फार सामान्य कारण आहे, आणि उपाय तांब्याभर पाण्याचा. प्लास्टिकच्या तांब्याचा.

लाईट जाणं आपल्याकडे पावसाळ्याचाच एक भाग. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. एवढ्याची तयारी कुणी करू शकत नाही, पण एका रात्रीची करता येते. बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. मासे मोजके असतील तर तेवढ्यावर रात्र निभते. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर जोडा, दिवा नको. लाईट नसताना खाणं घालू नका. आणि सहा-आठ तासांनी वीज आली की बंद फिल्टर तसाच सुरू करू नका. आतलं कोंडलेलं पाणी फेकून द्या, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात धुऊन मग लावा.

वायरिंगबद्दल एकच, पण महत्त्वाचं: खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. बोर्ड टाकीपेक्षा उंच भिंतीवर घ्या, प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळासारखी सोडा म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी बटणं बंद.

मासे

एवढ्या टाकीत तीन मासे. चौथा फार तर, आणि तोही सहा महिन्यांनी.

पहिली जोडी क्लाऊनफिशची. ही शिफारस सगळेच करतात आणि ती योग्य आहे. मासा चिवट, टाकीत रुळणारा, आणि हॅचरीत पैदास होणारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि आपल्या राज्यातही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. दुकानदाराला विचारा, मासा पकडलेला की पैदास केलेला? उत्तर टाळत असेल तर दुसरं दुकान. दोन लहान, आकाराने थोडे कमीजास्त मासे घ्या. सगळे क्लाऊनफिश नर म्हणूनच सुरुवात करतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी जुळवत बसावं लागत नाही. समुद्रफुलाची त्यांना टाकीत गरज नसते.

तिसरा मासा तळाशी राहणारा लहान गोबी. सोबत शेवाळ खाणाऱ्या पाच-सहा गोगलगायी. निळा टँग मुलं हटकून मागतील. तो फूटभर वाढतो, त्याला आपल्या टाकीच्या पाचपट जागा लागते. नाही म्हणा. डॅमसेल स्वस्त आणि देखणे असतात, पण टाकीचे दादा होतात.

मासे मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या दुकानांतून आणणार असाल तर रात्रीची कोकणकन्या बरी, उन्हाचा ताप नाही. दुहेरी पिशवीत प्राणवायू भरून घ्या आणि पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा. मासळीबाजारातली बर्फाची पेटी चालेल, पण स्वच्छ धुतलेली. विकत घेण्याआधी मासा दुकानात खाताना बघा. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असलेला, कोपऱ्यात धापा टाकणारा मासा दयेपोटीही घेऊ नका.

घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग मासा आणि पाणी प्लास्टिकच्या भांड्यात काढा आणि सलाईनच्या नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब पाऊण तास सोडा. बरेच दुकानदार खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून दोन्ही पाणी मोजून बघा. फरक मोठा असेल तर वेळ वाढवा. मासा जाळीने उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. जमत असेल तर आधी तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध द्यायची वेळ आलीच तर ते तिथेच द्यायचं, मोठ्या टाकीत कधीच नाही.

आजार ओळखायला, किंवा नुसतं चांगली टाकी कशी दिसते ते बघायला, रत्नागिरीच्या झाडगावातलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र 1958 पासून आहे आणि तिथलं मत्स्यालय लोकांना बघता येतं. खरेदीच्या आधी एक चक्कर मारलीत तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

रोजचं, आठवड्याचं

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदला. नवं पाणी त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं हवं. नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली राहिलं की समजा, जमतंय. काढलेलं खारं पाणी माडाच्या बुंध्यात ओतलंत तर माड तक्रार करत नाही. जास्वंद, मोगरा, अबोली मात्र जळतील. विहिरीच्या उतारावर ओतू नका. आणि कंटाळा आला म्हणून मासे समुद्रात सोडू नका. ते या किनाऱ्याचे नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आजारही जातात. दुकानदार बहुधा परत घेतो.

विषाच्या बाबतीत घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून ठेवा. डासांची अगरबत्ती, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे यांतली बरीच औषधं माशांना आणि कोळंब्यांना माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतात. टाकीच्या खोलीत ती नकोत. मोहोरावर फवारणी चालू असते त्या सकाळी खिडक्या लावून घ्या. हात घालण्याआधी साबण पूर्ण धुऊन टाका, ओडोमॉस लावलेला हात तर घालूच नका.

गणपतीत खरी परीक्षा. आधी घराला रंग निघतो, तेव्हा टाकीवर ओला पंचा पांघरा आणि हवेच्या पंपाची नळी बाहेरच्या खोलीतून घ्या. मग मुंबईची माणसं येतात, घर भरतं आणि प्रत्येक मूल माशांना काहीतरी भरवू बघतं. खाण्याचा डबा वर फडताळात ठेवा आणि एकाच भाच्याला दिवसातून एकदा खाणं घालायचं काम नेमून द्या. विसर्जनानंतर तुम्हीच चार दिवस मुंबईला जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. मोठे मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांना द्या ती आरओच्या पाण्याची बाटली, आणि दाखवा ती काचेवरची चिकटपट्टी.